शिळा पाहुणा

शाळेला पाहुणे येणार असले की सगळ्यात आधी बदलतो तो फळा. एरवी ज्या कोपऱ्यात 'आजची उपस्थिती'पुढे गेल्या बुधवारचा आकडा मुक्कामाला असतो, तिथे ताजा आकडा येतो, वर रंगीत खडूनं सुविचार उमटतो आणि सुविचाराला चारही बाजूंनी वेलबुट्टी फुटते. मग कुंड्यांना गेरू लागतो. मैदानातल्या बाभळीच्या काटक्या उचलल्या जातात. मुख्याध्यापकांच्या टेबलावरची काच पुसताना तिच्याखाली दडलेलं एखादं परिपत्रक सापडतं, आणि त्याची मुदत अर्थातच टळून गेलेली असते. ज्या पोराचा सातचा पाढा एकोणपन्नासच्या पुढे काही केल्या सरकत नाही, त्याला त्या दिवशी गुरुजी मोठ्या मायेनं विचारतात, "तुह्या घरी कापूस वेचाले मानसं कमी हायेत ना रे? जाय मंग." आणि सहावीतली हुशार मुलगी एका दिवसापुरती पाचवीत येऊन बसते.

मी उभी हयात मास्तरकीत काढली. त्यामुळे कुंडीला गेरू कोण लावतं आणि शालीचं बिल कोणत्या खात्यात पडतं, हे दोन्ही मला ठाऊक आहे. आमच्या वडलांच्या पिढीत अशा पाहुण्याला 'दिपोटी' म्हणत. दिपोटी येणार म्हटलं की मास्तरांना आदल्या रात्री झोप नसे. पुढे दिपोटी गेले, विस्तार अधिकारी आले, केंद्रप्रमुख आले. घोडं जाऊन मोटरसायकल आली, पण शाळेच्या पोटातला गोळा काही गेला नाही. या सगळ्या साहेबांनी शेरेबुकात जे लिहून ठेवलंय ते मी निवृत्तीच्या आधी एकदा सलग वाचून काढलं होतं. अक्षर बदलतं, शाई बदलते, मजकूर तोच: शालेय परिसर स्वच्छ व सुंदर आहे, विद्यार्थी शिस्तप्रिय आहेत, प्रगती समाधानकारक. एकाही साहेबाला त्या शाळेत सातच्या पाढ्याला अडखळणारा मुलगा भेटल्याची नोंद नाही. तो बिचारा दर वेळी कापूस वेचत होता.

आता आमच्या गावाचं सांगतो. सुलतानपूर लोणार तालुक्यात येतं. मेहकरहून लोणारला निघालं की वाटेत आम्ही लागतो. लोणार इथून हाकेच्या अंतरावर नाही, पण एसटीत बसून एक डुलकी काढावी तेवढ्या अंतरावर आहे. जगात कुणालाही लोणारचं सरोवर पाहायचं असलं तर त्याला सुलतानपुरावरूनच जावं लागतं, असं आम्ही छाती काढून सांगतो. मंठ्याकडून येणाऱ्यांचा विषय आम्ही काढत नाही.

सरोवराला पाहुण्यांची सवय जुनी आहे. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२३ साली ते पाहिलं आणि कागदावर आणलं. तेव्हापासून गोऱ्या माणसांनी त्याच्या काठावर उभं राहून विचारात पडायचं, असा शिरस्ताच पडला. हे विवर ज्वालामुखीचं की आकाशातून पडलेल्या धोंड्याचं, यावर पुढे दीडशे वर्षं घोळ चालला. १९७३ साली शास्त्रज्ञांनी तिथल्या खडकाची परीक्षा करून उल्केच्या बाजूनं कौल दिला. गावच्या माणसाला घोळ असा कधी नव्हताच. लवणासुर नावाचा दैत्य इथे खाली बिळात राहायचा, विष्णूनं झाकण उडवून त्याला मारला आणि तोच खड्डा राहिला, हे दैत्यसूदनाच्या देवळात जाऊन कुणालाही विचारता येतं. २०२० च्या जून महिन्यात सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हाही असंच झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून सांगितलं की हा मिठाळ पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा रंग आहे. आमच्याकडच्या एका म्हातारीनं आधीच सांगून टाकलं होतं, "लवणासुराचं रगत हाय थे." रंगाबद्दल दोघांचं एकमत होतं, हे काय थोडं झालं?

तर सरोवराच्या वाटेवर असल्यामुळे आमच्या स्टँडवर अधूनमधून परदेशी विद्यार्थी चहाला उतरतात. एकदा असाच एक घोळका उतरला. पुण्याला मराठी शिकायला आलेली मुलं होती. त्यातल्या एकानं हॉटेलवाल्याला मराठीत विचारलं, "इथे जवळ शाळा आहे का? आम्हाला पाहायला आवडेल." हॉटेलवाला शाळा समितीवर होता. आमच्याकडे हॉटेलवाला समितीवर असणं आणि समितीवाला हॉटेलात असणं यात फारसा फरक नसतो. त्यानं फोन लावला, आणि पाहुण्यांचा चहा होईस्तोवर शाळेत फळा बदललेला होता.

मार्च महिना, ऊन मी म्हणतंय, आणि त्या पोराच्या खांद्यावर शाल. हातात नारळ दिला. नारळाचं काय करायचं असतं हे त्याला पुण्यात कुणी सांगितलेलं नसावं. स्वागतगीत झालं, लेझीम झालं, मुख्याध्यापकांचं प्रास्ताविक झालं, प्रास्ताविकावर आभार झाले, आणि तो सारा वेळ नारळ दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभा होता. खाली ठेवला तर अपमान होईल आणि फोडला तर कदाचित गुन्हा होईल, अशा दुहेरी धाकात. त्याच्या शेजारच्या मुलीच्या केसांना तिसरीतल्या एका चिमुरडीनं हळूच हात लावून पाहिला आणि मागे वळून मैत्रिणींना रिपोर्ट दिला, "खरे हायेत." मग सगळ्यांना पोषण आहाराची खिचडी वाढली. त्या दिवशी खिचडीत वाटाणे होते. ते का होते, हे सांगायची गरज नाही.

पाहुण्यांनी शेरेबुकात लिहिलं: शाळा सुंदर, मुलं आनंदी, खूप प्रेम मिळालं. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी चौथीला 'आमच्या शाळेतील पाहुणे' या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. त्यातली एक वही मी पाहिली. लिहिलं होतं: पाहुणे गोरे होते. त्यांना पण घाम येतो. ते खिचडी खातात पण मिरची काढून ताटाच्या कडेला ओळीनं ठेवतात. एका पाहुणीच्या बुटाची लेस सुटली होती, ती तिनं स्वतःच बांधली. ते हसतात तेव्हा आधी एकमेकांकडे पाहतात.

शेवटची ओळ वाचून मी चष्मा काढून पुसला. दिवसभराच्या त्या समारंभात खरी पाहणी कुणी कुणाची केली, ते माझ्या ध्यानात आलं. शाळा बघायला आलेला माणूस त्या दिवशी स्वतःच धडा होऊन जातो. पोरं त्याला वाचून काढतात आणि तो शाल पांघरून निघून जातो.

माझी भाची सध्या जर्मनीत आहे. आउग्सबुर्गला पर्यावरणाचा अभ्यास करते. परदेशातून शिकायला आलेल्या मुलांना तिकडे आसपासच्या शाळांत नेऊन वर्गापुढे उभं करायची चाल आहे. आपल्या देशाबद्दल सांगायचं आणि मुलांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. हिच्या वाट्याला नोर्डलिंगन नावाच्या गावची प्राथमिक शाळा आली. रात्री तिचा फोन आला.

"मामा, इथं आपल्यासारखंच आहे अगदी."

"काय आहे?"

"खड्डा."

"रस्त्यात?"

"नाही हो मामा! उल्केचा."

मग तिनं जे सांगितलं ते ऐकून मी जागीच बसलो. नोर्डलिंगन हे आख्खं गावच विवरात वसलेलं आहे. विवर लहानसहान नाही, चोवीसेक किलोमीटर रुंदीचं, दीड कोटी वर्षांपूर्वीचं. आपलं लोणार जेमतेम पावणेदोन-दोन किलोमीटरचं, त्याच्यापुढे पोरसवदाच. तिथेही ज्वालामुखीचाच समज होता. १९६० साली शूमेकर आणि चाओ या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी तिथल्या दगडात असं एक खनिज दाखवलं, जे तडाख्याच्या दाबाशिवाय तसं तयारच होत नाही. गंमत म्हणजे हा पुरावा गावाच्या डोळ्यांपुढेच होता. त्यांच्या मोठ्या चर्चचा नव्वद मीटर उंच मनोरा त्याच तडाख्यात तयार झालेल्या दगडाचा बांधलेला आहे. म्हणजे शेकडो वर्षं माणसं त्या दगडाखाली लग्नं लावत होती, मुलांची नावं ठेवत होती, आणि हा दगड कुठून आला हे सांगायला बाहेरचा माणूस यावा लागला. पुढे १९७० साली चंद्रावर जायची तयारी करणारे अमेरिकन अंतराळवीरही दगडांची ओळख करून घ्यायला तिथे येऊन गेले. त्यांना नारळ दिला की नाही, ते भाचीला कळू शकलं नाही.

त्या मनोऱ्यावर अजून रखवालदार असतो. रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासानं वरून आरोळी देतो. त्यामागची गोष्ट अशी सांगतात की, पंधराव्या शतकात पहारेकऱ्यांनी फितूर होऊन वेशीचा दरवाजा उघडा ठेवला होता. एक डुकरीण अंग घासायला त्या दरवाज्याला भिडली, दरवाजा हलला, एका बाईनं ते पाहून आरडाओरडा केला आणि गाव वाचलं. भाचीनं हे सांगितलं तेव्हा माझा जीव जरा भांड्यात पडला. खड्ड्याला उल्का चालते, पण गावाला गोष्ट लागतेच. त्यांना डुकरीण लाभली, आपल्याला लवणासुर. आणि रात्रीचा पहारा म्हणाल तर आपल्याकडेही गावोगाव जागल्या होताच की. फरक एवढाच की आपण जागल्याचं वतन मोडलं, त्यांनी त्याचं तिकीट लावलं.

पण मला शाळेचं ऐकायचं होतं. म्हटलं, "कुंड्यांना गेरू लावला होता का?"

"नाही हो. फळा तर अर्धा पुसलेलाच होता, वरती आदल्या तासाची गणितं तशीच."

"अस्सं? काहीच केलं नव्हतं?"

"काही नाही. म्हणजे, मी आत गेले तर सगळी मुलं हात जोडून 'नमस्ते' म्हणाली, एकेक करून. दोघांनी हात उलटे जोडले होते. आणि भिंतीवर नकाशा होता, त्यात भारत केशरी रंगवलेला."

"म्हणजे लावला होता गेरू," मी म्हणालो. मास्तर कुठलाही असो, पाहुणा येणार म्हटलं की त्याचा हात खडूकडे जातो, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

तिनं सांगितलेल्या बारीकसारीक गोष्टी मी अजून घोळवतो आहे. मुलं वर्गाबाहेर बूट काढून आत मऊ सपाता घालून बसतात. आपल्या वर्गांबाहेर चपलांचा ढीग असतो, तसा तिकडे बुटांचा. आपल्याकडचा ढीग सुटीनंतर हमखास जोड्या बदलून घरी जातो, तिकडे जात नाही, एवढंच. वर्गात गलका झाला की बाई तोंडानं बोलत नाहीत. मधली दोन बोटं अंगठ्याला टेकवून करंगळी आणि तर्जनी वर करतात, की हाताचा कोल्हा होतो. कान उभे, तोंड बंद. एकेक मूल तो कोल्हा बघून आपलाही कोल्हा करतं आणि वर्ग चिडीचूप होतो. आम्ही 'हाताची घडी, तोंडावर बोट' असं मोठ्यानं ओरडून शांतता मागायचो. शांततेसाठी वर्गात सगळ्यात मोठा आवाज मास्तरचाच, यातला विनोद नोकरीभर माझ्या लक्षात आला नव्हता. तिकडे पहिलीच्या पहिल्या दिवशी मुलाला भलामोठा कागदी शंकू देतात, आत खाऊ, पेन्सिली, रंग भरून. आपल्याकडे विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, त्या दिवशी गुलाबाचं फूल देतात. फूल घेतलेलं पोरगं रडत असतं. शंकूवालंही रडतंच, असं भाची म्हणाली, पण आतला खाऊ सांडू न देता.

मग तिनं मुलांना पोळ्याचे फोटो दाखवले. शिंगं रंगवलेले बैल, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळा, ओट्यावर उभ्या राहून ओवाळणाऱ्या आया. सांगितलं की या दिवशी बैलांना काम लावत नाहीत, पुरणपोळी खाऊ घालतात, हा त्यांचा सण. वर्ग खूश. एका मुलानं तर्जनी वर केली. (तिकडे बोलायची परवानगी मागायला नुसतं बोट वर करतात, आपल्यासारखा आख्खा हात हलवून 'मी मी सर' करत बाकावर चढत नाहीत.) त्यानं विचारलं, "त्यांना वर्षातून एकच दिवस सुट्टी?"

भाचीनं तो प्रश्न तसाच माझ्याकडे ढकलला. "मामा, काय सांगू त्याला?"

आता ज्या देशात माणसाला वर्षाला आठवड्यांच्या आठवडे भरपगारी रजा मिळते, तिथल्या आठ वर्षांच्या पोराला काय सांगणार? मी म्हटलं, "सांग, उन्हाळ्यात नांगरट आणि वखरणी झाली की मधे थोडं बसून खायला मिळतं. आणि आता ट्रॅक्टर आले, म्हणून तर बारा महिने सुट्टी आहे. सुट्टीत मग त्यांना बाजारात नेतात." पुढचं मी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. पण त्या पोरानं पोळ्याबद्दल जे विचारलं ते मी एवढे पोळे पाहून कधी विचारलं नव्हतं, ही गोष्ट खरी.

एवढ्यावर हे थांबलं असतं तर मी ही हकिगत लिहायला घेतली नसती. एका दिवसाचा पाहुणा सगळीकडे सारखाच: शाल, नारळ, नमस्ते, टाळ्या. पण त्या शाळेत बाहेरची माणसं येऊन मुलांशेजारी बसून त्यांचं वाचन ऐकतात, अशी सोय आहे. बहुतेक करून गावातल्या आज्या आणि आजोबा येतात. बाईंनी हिला विचारलं, येशील का? ही दर गुरुवारी आगगाडीनं जायला लागली. पहिल्या गुरुवारी मुलं उठून उभी राहिली. पुढच्या खेपेला निम्मी राहिली. हळूहळू नमस्ते बंद झालं, मग उठणं बंद झालं, आणि एका गुरुवारी एका मुलीनं पुस्तकातून मान वर न करता तिला सांगितलं की 'पूल' जर्मनमध्ये पुल्लिंगी नाही, तुझं परत चुकलं. भाची म्हणाली, "मामा, त्या दिवशी मला इतकं छान वाटलं!"

कारण त्यानंतर तिला शाळा दिसायला लागली. कोण कुणाशी अबोला धरून आहे. तुर्की घरातून आलेला मुलगा गणितात पहिला, पण मोठ्यानं वाचताना का घाम फुटतो त्याला. बाई स्वतः मधल्या सुट्टीत खिडकीशी उभ्या राहून पाव खातात आणि पाच मिनिटं कुणाशीच बोलत नाहीत. हाताचा कोल्हा करूनही जो गप्प बसत नाही तो एकजण तिथेही आहेच. पहिल्या भेटीत तो तिला दिसला नव्हता. कापूस वेचायला पाठवला नसेल, पण कुठल्या तरी कामाला नक्की लावला असणार, अशी मला दाट शंका आहे.

पाहुणा शिळा झाला पाहिजे. ताजा पाहुणा कुणाच्याच कामाचा नसतो.

आपल्याकडे ज्यांनी परदेशातल्या शाळा खरोखर पाहिल्या, ते सगळे असेच शिळे झालेले लोक होते. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ पाहायला. ११ मार्चला फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या. समारंभ संपला की निघावं, फार तर नायगारा पाहावा, असा कुणीही हिशेब केला असता. रमाबाई राहिल्या. भाषणं दिली, पैसा उभा केला, हे सगळे सांगतात. मला भावतं ते दुसरंच. शास्त्रार्थात भल्याभल्या पंडितांना गार करणारी ही बाई फिलाडेल्फियात किंडरगार्टनचं शिक्षण घ्यायला बसली. फ्रोबेलचे ते लाकडी ठोकळे, ते रंगीत गोळे. कोलकात्याच्या विद्वानांनी जिला 'सरस्वती' म्हटलं, ती ठोकळ्यावर ठोकळा कसा ठेवायचा हे शिकते आहे! पाहुणी म्हणून गेली असती तर त्या वर्गात तिला खुर्ची मिळाली असती. विद्यार्थिनी म्हणून गेली, म्हणून ठोकळे मिळाले. परत आल्यावर १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडलं, तेही ११ मार्चलाच. त्याच वर्षी अमेरिकेची लोकस्थिती सांगणारं त्यांचं मराठी पुस्तक निघालं. त्यात शाळा आहेत, घरं आहेत, बायकांची स्थिती आहे. ज्या देशानं डोक्यावर घेतलं त्याला दोष दाखवायलाही त्या कचरल्या नाहीत. शालीच्या ओझ्याखाली तसं लिहिता येत नाही.

अण्णासाहेब कर्व्यांची तऱ्हा तर त्याहून न्यारी. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली. तेवढ्यावर त्यांनी १९१६ साली इथे महिला विद्यापीठ काढलं. परदेश दौऱ्याला निघाले ते थेट १९२९ साली, सत्तरी ओलांडल्यावर. आधी काम, मग पाहणी. हल्लीच्या अभ्यास दौऱ्यांत हा क्रम बरोबर उलटा असतो, आणि त्यातही दुसरा भाग बऱ्याचदा राहून जातो.

उलट दिशेनं आलेल्यांचंही तेच. पुण्यात अमेरिकन विद्यार्थ्यांनी मराठी घरांत राहून शिकायची व्यवस्था तिकडच्या काही कॉलेजांनी मिळून १९६० च्या दशकाअखेरीस केली. आमच्या स्टँडवर उतरलेली पोरं असल्याच एखाद्या व्यवस्थेतून आलेली असणार. अशा मुलांना मराठी शिकवणाऱ्यांत एक होत्या मॅक्सीन बर्नसन. १९६१ साली भारतात आल्या. फलटणच्या बोलीचा अभ्यास करायला फलटणला गेल्या, प्रबंध झाला, डॉक्टरेट मिळाली. रीतीनं पाहिलं तर काम झालं होतं. पण बोली ऐकता ऐकता त्यांना आजूबाजूची मुलं दिसली. शाळेत नाव आहे, हजेरी आहे, आणि वाचता येत नाही. त्यांना घेऊन बसल्या. १९७८ साली भारताच्या नागरिक झाल्या. १९८६ साली फलटणला कमला निंबकर बालभवन सुरू झालं. ज्यांच्या नावानं ते आहे त्या कमलाबाईही जन्मानं अमेरिकनच, निंबकरांच्या घरात लग्न करून आलेल्या. फलटण मॅक्सीनबाईंना मॅक्सीनमावशी म्हणतं. मावशी झाली की शाल देत नाहीत. तिला सांगतात, मावशे, जरा याचं बघ, याला 'ध' आणि 'घ' कळत नाही.

आता आमच्याकडची ताजी घडामोड सांगतो. भाचीनं मधे तिच्या त्या वर्गाकडून आपल्या शाळेसाठी एक मोठा लखोटा पाठवला. आत चित्रं, आणि चित्रांच्या मागे प्रश्न. तिनं खाली मराठी करून दिलेलं. तुमचा खड्डा किती खोल आहे? तुम्ही आत राहता की काठावर? तुमच्याकडे रात्री ओरडणारा माणूस आहे का? बैलांना पुरणपोळी आवडते हे तुम्हाला कसं कळलं? एकानं मनोरा काढला होता आणि त्याच्या टोकावर मांजर बसवलं होतं. मनोऱ्यावर खरोखरच मांजर राहायचं, असा भाचीचा शेरा शेजारी.

मी लखोटा शाळेत नेऊन दिला. मुख्याध्यापकांनी बघितला, हरखले, आणि म्हणाले, "गुरुजी, याला एक छोटेखानी कार्यक्रम घेऊ या. तहसीलदारांना बोलावता येईल." मी म्हटलं, "कार्यक्रम नको. चौथीच्या पोरांना उत्तरं लिहू द्या, आणि तुम्ही तपासू नका." ही अट त्यांना जड गेली. शुद्धलेखन तरी? म्हटलं, तेही नाही. शेवटी उत्तरं मी गोळा करायची आणि फोटो काढून भाचीला पाठवायचे, असं ठरलं.

गेल्या शनिवारी सकाळच्या शाळेत, परिपाठ झाल्यावर, मी चौथीच्या वर्गात मागे जाऊन बसलो. मी रोजचाच म्हातारा, कुणी उठलं नाही. दारातल्या चपलांच्या ढिगात माझी एक चप्पल केव्हाच पोरांच्या पायाखाली गेली होती. उत्तरांवरून जोरात भांडण चालू होतं. खड्डा किती खोल, यावर दोन तट. एकजण म्हणत होता दीडशे मीटर लिही, पुस्तकात आहे. दुसरा म्हणत होता, माझा मामा खाली कमळजादेवीच्या नवरात्रात उतरला होता, चढून वर येताना त्याचे पाय लटपटले, तसं लिही. रात्री ओरडणाऱ्या माणसाच्या जागी एकमतानं एका पिऊन येणाऱ्या शेजाऱ्याचं नाव आलं. ते मी खोडायला लावलं, तेवढा एक हस्तक्षेप. बैलांना पुरणपोळी आवडते हे कसं कळलं, याचं उत्तर एका मुलीनं लिहिलं: 'ते नाही म्हणत नाहीत.'

मग मी म्हटलं, आता तुम्ही त्यांना विचारा. जे मनात येईल ते. पाच मिनिटं वर्गात पेन्सिलींचा आवाज. कागद गोळा केले. तुम्ही उल्का पडली तेव्हा कुठे होते? तुमच्या बाई मारतात का? बर्फात चप्पल घसरते का? डुकरिणीला बक्षीस काय दिलं? आणि मागच्या बाकावरून, मोठ्या वळणदार अक्षरात, हातानं झाकून झाकून लिहिलेला एक कागद आला: 'तुमच्या शाळेत पाहुणे आले की खिचडीत वाटाणे टाकतात का?'